प्रश्न तुमचे: गूगलवर आमचे पान का दिसत नाही?

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांची आणि संस्थांची एकाच विषयावरची पत्रे घेतली आहेत. वेबसाइट तयार आहे, पैसेही देऊन झाले आहेत, पण शोधले की सापडत नाही. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. पान माणसाला छान दिसते, पण गूगलला त्यातले काहीच वाचता येत नाही, किंवा वाचण्यासारखे त्यात काही नसते. खर्च करण्याआधी घरबसल्या काय तपासता येईल, यावर म्हणूनच भर दिला आहे.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी आमच्या शिवण क्लासची वेबसाइट करून घेतली. क्लासचे पूर्ण नाव टाकले तरी ती गूगलवर येत नाही. ज्यांनी साइट केली ते म्हणतात, आता एसईओचे (गूगलवर साइट वर आणण्याच्या कामाचे) पॅकेज घ्या. घ्यावे का?
– नौपाडा, ठाणे

आत्ता मुळीच घेऊ नका. स्वतःचे पूर्ण नाव टाकूनही साइट येत नसेल, तर ती मागे पडलेली नाही. बहुधा ती गूगलच्या नोंदीतच नाही. नोंद नसणे आणि नंबर खाली असणे ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि पहिल्यावर पॅकेजचा काहीही उपयोग नाही.

आधी साधी चाचणी करा. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून कोलन आणि त्यालाच चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता. मध्ये जागा सोडायची नाही. एकही पान आले नाही, तर संशय पक्का धरा आणि गूगल सर्च कन्सोल उघडा. गूगलला तुमची साइट कशी दिसते ते सांगणारे हे साधन मोफत आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करण्यासाठी ते एक कोड देते. जिथून डोमेन, म्हणजे साइटचे नाव, घेतले तिथल्या डीएनएस (डोमेनच्या नोंदींच्या) सेटिंगमध्ये तो 'टीएक्सटी' नोंद म्हणून टाकायचा. नोंद लागू व्हायला कधी काही मिनिटे लागतात, तर कधी दोन-तीन दिवस.

मग वरच्या चौकटीत मुखपृष्ठाचा पूर्ण पत्ता टाका. गूगल कारण सांगते. 'नोइंडेक्स टॅगमुळे वगळले' असे आले, तर दोष तुमच्याच साइटवर आहे. नोइंडेक्स म्हणजे 'हे पान नोंदवू नका' अशी पानाच्या कोडमधली सूचना. साइट तयार होत असताना अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत म्हणून ती मुद्दाम बंद ठेवतात आणि काम संपल्यावर उघडायला विसरतात. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीत साइट बंद ठेवण्याची खूण सेटिंग्जच्या 'रीडिंग' पानावर अगदी तळाशी असते. सर्च इंजिनांनी साइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाचे वाक्य तिच्यासमोर असते. ती खूण काढा, सेव्ह करा आणि कॅशेचे प्लगइन, म्हणजे पानांच्या जुन्या प्रती साठवणारे जोडसाधन, असेल तर तेही रिकामे करा. त्यानंतर संगणकावर साइट उघडून कंट्रोल-यू दाबा आणि उघडलेल्या कोडमध्ये 'नोइंडेक्स' हा शब्द शोधा. तो दिसला, तर कुठल्या तरी एसईओ प्लगइनमध्येही तीच खूण राहिली आहे.

'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' या, सर्च इंजिनांनी साइटवर कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या, फाइलमुळे अडले आहे असे उत्तर आले, तर तुमच्या डोमेनपुढे तिरकी रेघ आणि हे नाव लिहून ती फाइल उघडा. 'डिसॅलो'पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर सगळी साइट बंद आहे. इथे एक गफलत नेहमी होते. पान नोंदीतून काढायचे म्हणून लोक नोइंडेक्स लावतात आणि तेच पान रोबॉट्सच्या फाइलमध्येही बंद करतात. मग गूगल पानापर्यंत पोचतच नाही, आत लिहिलेले नोइंडेक्स त्याला वाचता येत नाही, आणि पान नुसत्या पत्त्यानिशी नोंदीत राहू शकते. दोन्ही एकत्र लावू नका.

'सापडले, पण अजून नोंदवलेले नाही' असे उत्तर आले, तर साइटवर बिघाड नाही. गूगलला पत्ता माहीत आहे, पण त्याने पान अजून पाहिलेले नाही. वर्डप्रेस ५.५पासून, म्हणजे २०२०पासून, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, आपोआप तयार होतो. त्याचा पत्ता कन्सोलमध्ये एकदा द्या. साइटमॅपमध्ये पानांना 'प्रायॉरिटी'चे आकडे देत बसण्यात अर्थ नाही, गूगल ते पाहत नाही. मग 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकदा दाबा आणि थांबा. काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज दाबल्याने काम लवकर होत नाही.

प्रश्न: माझा घरगुती डब्याचा व्यवसाय आहे. साइटवर मेनू, दर, फोन नंबर सगळे सुंदर डिझाइन करून टाकले आहे. नावाने शोधले तर साइट येते, पण 'डबा' किंवा 'टिफिन' टाकले की येत नाही. मेटा कीवर्डमध्ये शंभरेक शब्द भरले आहेत, तरीही नाही.
– कोपरखैरणे

ताई, मोबाइलवर तुमचे मेनूचे पान उघडा आणि 'मटकीची उसळ' या शब्दांवर बोट दाबून धरा. शब्द निवडले जाऊन 'कॉपी' असे आले, तर तो मजकूर आहे. त्याऐवजी 'इमेज डाउनलोड करा' असे आले, तर ते चित्र आहे. डिझायनरने पोस्टर करून चिकटवलेले असते. आपल्याला त्यात उसळ दिसते, पण पानाच्या मजकुरात तो शब्दच नसतो, आणि चित्रातली अक्षरे गूगल उचलेल या भरवशावर धंदा ठेवता येत नाही.

मेटा कीवर्डचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांचे, आधी संपवू. क्रमवारी ठरवताना आपण तो टॅग पाहत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केले आहे. ते शंभर शब्द खुशाल काढून टाका.

आता कामाचे शब्द. नुसत्या 'डबा' या शब्दावर येण्याचा हट्ट सोडा. तो शब्द टाकणाऱ्याला स्टीलचा डबा हवा असेल, मसाल्याचा हवा असेल, नाहीतर रेल्वेचा. तुमचे गिऱ्हाईक फोनवर काय बोलते ते आठवा: 'महिन्याचा डबा लावायचाय', 'एकवेळचा केवढ्याला', 'सेक्टर पाचला देता का', 'रविवारी असतो का'. हीच वाक्ये शोधचौकटीत जातात. काही मराठीत, बरीचशी इंग्रजी लिपीत. आठवडाभर फोनजवळ वही ठेवून गिऱ्हाइकाचे पहिले वाक्य जसेच्या तसे लिहून काढा. पैसे देऊन घेतलेल्या कीवर्डच्या यादीपेक्षा ही वही जास्त कामाची.

त्यातून पान असे मांडा. पानाचा टायटल टॅग, म्हणजे गूगलवर जी निळी ओळ दिसते ती: 'कोपरखैरणे, घणसोलीत घरपोच जेवणाचा डबा – महिन्याचे दर व मेनू'. सध्या बहुतेक साइट्सवर तिथे 'होम' किंवा नुसते दुकानाचे नाव असते आणि सर्वांत मोलाची जागा वाया जाते. या ओळीला गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीत मावत नाही ते कापले जाते, म्हणून काम आणि गाव आधी, नाव नंतर. पानावरचा मोठा मथळा याच अर्थाचा असावा, कारण टायटल आणि पान यांचा मेळ बसला नाही तर गूगल ती ओळ स्वतःच बदलते.

मथळ्याखालचा पहिला परिच्छेद असा लिहिता येईल: 'कोपरखैरणे सेक्टर १ ते ११ आणि घणसोलीत दुपारी साडेबारापर्यंत व रात्री साडेआठपर्यंत डबा पोचवतो. एका डब्यात चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्साभाजी, वरण, भात आणि कोशिंबीर. रविवारी फक्त दुपारी.' सेक्टर आणि वेळा अर्थातच तुमच्या घाला. याखाली एकवेळ, दोनवेळ, पंधरा दिवस, महिना अशा दरांचा तक्ता, तोही टंकलेला. मग गिऱ्हाईक नेहमी विचारते ते: सुट्टीचे पैसे कापले जातात का, डबा धुऊन द्यायचा का, कांदा-लसूण नको असेल तर चालेल का. प्रत्येकाला दोन ओळींचे सरळ उत्तर.

मराठीतली एक खुबी इथे सांभाळायची. आपल्या भाषेत नावांची रूपे बदलतात: कोपरखैरणे, कोपरखैरण्यात, कोपरखैरण्यातील. प्रत्येक ओळीत मूळ रूप कोंबायला सांगणारे बरेच भेटतात आणि मग 'डबा सेवा कोपरखैरणे उत्तम डबा कोपरखैरणे' असला मजकूर तयार होतो. तो वाचून गिऱ्हाईक पळते आणि शब्द कोंबणे गूगलच्या नियमांतही बसत नाही. मूळ रूप टायटलमध्ये, मथळ्यात किंवा पत्त्यात एकदा स्वच्छ येऊ द्या. बाकी ठिकाणी बोलतो तशी रूपे चालू द्या. ठाण्याच्या वाचकांसाठी आणखी एक: 'ठाणे' म्हणजे पोलीस ठाणेही. सर्च कन्सोलमध्ये असे भलतेच शोध दिसू लागले, तर 'ठाणे शहर', 'ठाणे पश्चिम' किंवा 'नौपाडा, ठाणे' असे लिहा.

पोस्टर काढून टाकायची गरज नाही, फोटो म्हणून राहू द्या. फक्त वजन उतरवा. मोबाइलवर काढलेला फोटो सहज ४००० पिक्सेल रुंद आणि ४-५ एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवा; वजन १०० ते २०० केबीत बसते. ऑल्ट मजकुरात, म्हणजे कोडमधल्या फोटोच्या वर्णनात, फोटोत जे आहे तेच लिहा: 'चार पोळ्या, मटकीची उसळ आणि भात असलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा'. पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या फोटोला लेझी लोड (गरज पडेल तेव्हाच फोटो आणण्याची सोय) लावू नका. बरीच प्लगइन्स तो सरसकट लावतात आणि नेमके मुख्य चित्रच उशिरा येते. पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची चांगल्या पानाची मोजपट्टी आहे. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये दिलेली असू द्या, म्हणजे फोन नंबरावर बोट ठेवता ठेवता पान खाली सरकणार नाही.

दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात बघा. ज्या शोधांत तुमचा सरासरी क्रमांक ८ ते २०च्या दरम्यान आहे, त्यांवर आधी हात घाला. त्या प्रश्नांची उत्तरे पानावर अपुरी किंवा फार खाली असतात. हा अहवाल मागच्या १६ महिन्यांपर्यंतचाच मिळतो, म्हणून वर्षातून एकदा उतरवून ठेवा.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या त्रैमासिकाचे जुने अंक वेबसाइटवर आहेत. लेखकाचे नाव टाकून शोधले तरी एकही लेख येत नाही. साइट जवळजवळ वीस वर्षे जुनी आहे.
– वाशी

अंक बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'राम' दिसते, पण आत साठवलेली असतात ती जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. गूगल फॉन्ट पाहत नाही, अक्षरे पाहते. त्याच्या दृष्टीने तुमचा अख्खा अंक म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग आहे. खात्री करायची असेल तर एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा.

उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये आणणे. रूपांतर करणारी साधने आहेत, पण प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी जुळवणी लागते. आधी फॉन्टचे अचूक नाव शोधा, एका पानावर प्रयोग करा, आणि मगच पुढे जा. चुका ठरावीक जागी होतात. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचे उलटे: तिथे तो अक्षरानंतर येतो, इथे 'र' आणि हलन्त आधी. म्हणून 'स्थिती', 'व्यक्तिगत', 'कार्य', 'मूर्ती' असले शब्द मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र तर हमखास बिघडतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला हीच यादी हातात द्या, अर्धा वेळ वाचेल.

सगळे अंक एकदम घेऊ नका. आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका – लेख, लेखक, महिना, वर्ष – युनिकोडमध्ये टंकून तिचे साधे पान करा. पंचवीस अंकांसाठी हे दोन-तीन रविवारांचे काम आहे आणि लेखकाच्या नावाने शोधणारा लगेच योग्य अंकापर्यंत पोचेल. नंतर मागणी असलेले लेख एकेक करून, प्रत्येकाला स्वतंत्र पान. स्कॅन केलेल्या पीडीएफना ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे साधन) वापरून वाचता येईल असा मजकूर जोडा. पानांचे जुने पत्ते मात्र बदलू नका. इतक्या वर्षांत इतरांनी त्यांना दिलेले दुवे ही संस्थेची कमाई आहे.

प्रश्न: घोडबंदर रस्त्यावर माझे पेस्ट कंट्रोलचे काम आहे. एकाने माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी चाळीस पाने करून दिली. आधी थोडे फोन आले, आता तेही बंद. काय चुकले?
– ठाणे पश्चिम

चाळीस पानांवर मजकूर तोच आणि फक्त गावाचे नाव बदललेले, असे असणार. गूगलच्या भाषेत ही 'डोअरवे' पाने आणि ती स्पॅमच्या नियमांत मोडतात. मार्च २०२४मध्ये हे नियम अधिक कडक झाले; क्रमवारीसाठी घाऊक पाने पाडणे, मग ती माणसाने पाडलेली असोत वा यंत्राने, उघडच निषिद्ध ठरले. आधी सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स', म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचे पान, पाहा. तिथे काही नसेल तर शिक्षा झालेली नाही, पाने नुसती निरुपयोगी ठरली आहेत.

भागांऐवजी कामांची पाने करा, कारण फरक तिथे आहे. ढेकणांसाठी एक फेरी पुरत नाही. अंडी शिल्लक राहतात म्हणून दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी लागते, गाद्या आणि पलंगाचे सांधे मोकळे करून ठेवावे लागतात. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण एकेक फुटावर भोके पाडून औषध सोडतात आणि ती बुजवतात. झुरळांसाठी ओट्याखाली आणि कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी जेल. प्रत्येक पानावर किती वेळ लागतो, घरातल्यांनी किती तास बाहेर राहायचे, लहान मूल किंवा मांजर असेल तर काय, दर कशावर ठरतो, हे लिहा. तुम्हाला हे तोंडपाठ आहे; साइटवर त्यातले एक अक्षर नाही, हेच खरे चुकले आहे.

भागांसाठी एकच पान पुरे. कुठे जाता, किती वेळात पोचता, सोसायटीच्या गेटवर कोणते कागद लागतात. जुनी चाळीस पाने नुसती पुसू नका. त्यांचे पत्ते या पानाकडे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणाऱ्या कायमच्या सूचनेने, वळवा.

प्रश्न: साइट मराठीत ठेवावी की इंग्रजीत? दोन्ही केल्या तर मजकुराची नक्कल समजून गूगल शिक्षा करते म्हणतात.
– ऐरोली

भाषांतर म्हणजे नक्कल नाही, त्याला शिक्षा नाही. ज्या भाषेत गिऱ्हाइकाला उत्तर देऊ शकता त्या भाषेत पान करा. दोन्ही असतील तर दोन्ही ठेवा, पण प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता हवा. एकाच पानावर बटण दाबून मजकूर बदलणारी रचना नको, कारण गूगलला त्यातली बहुधा एकच भाषा दिसते. एका परिच्छेदात मराठी आणि खाली लगेच इंग्रजी, हेही टाळा. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते.

दोन्ही पानांवर 'एचरेफलँग', म्हणजे त्याच पानाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती कुठे आहे ते सांगणारा टॅग, लावा. मराठीचा कोड 'एमआर', इंग्रजीचा 'ईएन'. मराठी पानाने इंग्रजीकडे आणि इंग्रजीने मराठीकडे बोट दाखवले पाहिजे. एकाच बाजूने लावला तर तो धरला जात नाही. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चढवू नका.

पानाचा पत्ता देवनागरीत चालतो, गूगलला अडचण नाही. अडचण वर्डप्रेसची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचे होते. 'ठाणे' या शब्दात ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे ३६ अक्षरे. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर कापते. त्यामुळे लांब मराठी मथळ्याचा पत्ता साधारण २२ चिन्हांनंतर तुटतो आणि दोन लेखांचे पत्ते जवळजवळ सारखे होऊन बसतात. प्रसिद्ध करण्याआधी पत्ता स्वतः लिहा: दोन-तीन छोटे मराठी शब्द, नाहीतर रोमन लिपीत. व्हॉट्सॲपवर पाठवायला रोमन सुटसुटीत पडतो.

प्रश्न: पाच हजारांत पाचशे बॅकलिंक आणि महिन्यात पहिला क्रमांक, अशी हमी एक जण देतो. विश्वास ठेवावा का?
– तुर्भे

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः लिहून सांगते. बॅकलिंक म्हणजे इतर साइट्सवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे; ते विकत घेतलेले असतील तर गूगल बहुतेक वेळा मोजतच नाही. प्रकरण उघड दिसले तर साइटवर कारवाईही होते. पैसे जातात, वर साफसफाईचे काम मागे लागते.

ज्याला काम द्याल त्याला तीन गोष्टी विचारा: आमच्या साइटवर नेमके काय बदलणार, ते बदल लिहून देणार का, आणि परिणाम आमच्याच सर्च कन्सोलमध्ये दाखवणार का. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवे. कन्सोलचे मालक तुम्हीच राहा, त्याला वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या. भांडण झाल्यावर डोमेनच दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचे कळते, तेव्हा हाती काही उरत नाही.

खरा दुवा असा मिळतो: तुम्ही ज्यांना माल देता त्या दुकानाची साइट, व्यापारी संघटनेची सभासद यादी, ज्या शाळेत कार्यक्रम केला तिचे पान. असे पाच मिळाले तरी खूप झाले.

प्रश्न: माझे फिजिओथेरपीचे क्लिनिक एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमध्ये हलवले. नकाशावर जुना पत्ता आणि नवा, असे दोन्ही दिसतात. 'जवळचे क्लिनिक' शोधल्यावर तर येतच नाही.
– खारघर

नव्या जागेसाठी नवी नोंद केली, तिथेच घोटाळा झाला. जागा बदलली की जुन्याच गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे नकाशावरच्या नोंदीत, पत्ता बदलायचा असतो, म्हणजे जुने अभिप्राय सोबत येतात. आता जुन्या नोंदीत नवा पत्ता घाला आणि नवी नोंद दुबार म्हणून काढायला सांगा. पुन्हा पडताळणी मागितली जाईल; बहुतेकदा मोबाइलवर व्हिडिओ काढावा लागतो. त्यात रस्ता, पाटी आणि कुलूप उघडून आत जाताना तुम्ही, हे सलग दिसू द्या.

नकाशावरची क्रमवारी तीन गोष्टींवर ठरते: शोधाशी मेळ, अंतर आणि ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही; खारघरचे क्लिनिक ठाण्यात उभ्या असलेल्या माणसाला 'जवळचे' म्हणून दिसणार नाही, तो नाद सोडा. मेळ मात्र पूर्ण हातात आहे. मुख्य वर्ग 'फिजिओथेरपी' असाच अचूक निवडा. आणखी नऊपर्यंत जोडता येतात, पण खरोखर करता तेवढेच जोडा. नावात पाटीवर आहे तेवढेच लिहा. 'बेस्ट फिजिओ खारघर सेक्टर अमुक' असे शेपूट लावले तर नोंद निलंबित होऊ शकते. नवी मुंबईत पत्त्याचा जीव सेक्टर आणि प्लॉट क्रमांकात असतो. वेबसाइट, नोंद आणि फेसबुकवर तो एकसारखा हवा. पिन नकाशावर बोटाने सरकवून नेमक्या दारावर आणा, इमारतीच्या मागच्या बाजूला नको.

अभिप्राय सगळ्या रुग्णांना मागा, पण बदल्यात सवलत देऊ नका. ते नियमबाह्य आहे. घरून काम करणाऱ्या आणि ज्यांच्याकडे ग्राहक येत नाहीत अशा वाचकांनी पत्ता लपवून सेवेचे भाग द्यावेत. असे २० भाग देता येतात.

प्रश्न: गूगल आता वरच एआयने लिहिलेले उत्तर देते. आमच्या साइटवर लोक येतच नाहीत. वेगळे काही करायचे का?
– कोपरी, ठाणे

भारतात ही सोय ऑगस्ट २०२४पासून आहे. तिच्यासाठी वेगळा टॅग किंवा वेगळी फाइल लागत नाही; पान नोंदीत असणे आणि त्याचा उतारा दाखवायला मुभा असणे एवढे पुरते. 'नोस्निपेट' ही, पानाचा उतारा दाखवू नका अशी, सूचना लावून बाहेर पडता येते, पण मग साध्या निकालातही तुमच्या नावाखाली काही मजकूर दिसत नाही. आमचे मत: लावू नका. 'वाळवी म्हणजे काय' छापाची पाने लिहिणे मात्र थांबवा, ती उत्तरे आता वरच मिळतात. दर, वेळ, तुमच्या हातची कामे, तुमचे फोटो हे कुणी दुसरा देऊ शकत नाही.

प्रश्न: जुने डोमेन सोडून नवे घेतले. मुखपृष्ठ वळवले आहे. तरी महिन्याभरात येणारे लोक निम्म्यावर आले.
– नेरूळ

मुखपृष्ठ वळवले, बाकीची पाने राहिली. जुन्या साइटच्या प्रत्येक पत्त्यासमोर नव्या साइटवरचा त्याच विषयाचा पत्ता, असा तक्ता करा आणि एकेक ३०१ने वळवा. सगळे नव्या मुखपृष्ठाकडे ढकलू नका. गूगल ते 'पान नाही' असेच धरते. मग सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ ॲड्रेस' भरा. त्यासाठी दोन्ही डोमेन तुमच्या खात्यात पडताळलेली हवीत. हे रीडायरेक्ट निदान एक वर्ष चालू ठेवा, जमले तर कायमचे. म्हणजे जुन्या डोमेनचे नूतनीकरण या वर्षी आणि पुढच्याही वर्षी भरायचे आहे. तारीख आजच कॅलेंडरवर टाका, आणि सूचनेचा ईमेल जुन्याच डोमेनवरच्या पत्त्यावर जात असेल तर तो आधी बदला.